अस्तर

कलिन्याला वर्गावरून विमानं इतकी खाली जातात
की सुखठणकर सर खडू फळ्यावर टेकवून उभे राहतात.
दर पाच-सात मिनिटांनी सिद्धता अशी अधांतरी.
काचा थरथरतात, चाकं दिसतात,
मग आवाज विरतो आणि सर म्हणतात, "तर."
दोन वर्षांत मला जे काही कळलं
त्यातलं निम्मं या 'तर'नंतरचं आहे.

पहिल्या दिवशी आम्ही अठ्ठावीस होतो,
दिवाळीनंतर एकोणीस.
कुणाला बँकेत लागलं, कुणी बी.एड.ला गेलं.
वसईची ब्लेसी डाबरे काही न सांगता यायची थांबली.
तिची ग्रुप थिअरीची वही माझ्याकडेच आहे,
समासात सोनचाफ्याच्या पुड्यांचा हिशेब, आईच्या अक्षरात.
तो मात्र बरोबर आहे. मी तपासला.

पुढे काय, विचारतात सगळे.
मामी विचारते, पतपेढीतले राऊळ विचारतात,
शिकवणीचा आठवीतला पोरगा विचारतो,
"ताई, मास्टर झाल्यावर सगळे पाढे येणार तुम्हाला?"
म्हटलं, बाळा, माझा सतराचा अजून अडखळतो.
खरंच अडखळतो. सतरा आठे.

फाटकासमोर बिल्डरचा फलक: कॉम्पॅक्ट वन बीएचके.
मी आणि इर्शाद बसची वाट बघत त्याखाली हसत होतो.
कितीही उघड्या संचांनी झाका,
त्यातले मोजकेच पुरतात, अशी जागा.
"म्हणजे आमची खोली," इर्शाद म्हणाला,
"सहा माणसं, दोन चादरी, झाकली जातात."
मग बस येईपर्यंत आम्ही
बसचा नंबर वाचत राहिलो, जी आली नव्हती.

अल्जिब्रात एकतीस पडले तेव्हा
पेपर कठीण होता असं मी बाबांना सांगितलं नाही.
मला आलं नाही, असं सांगितलं.
त्यांनी नुसती मान हलवली.
तोंडात टाचण्या होत्या.

भोईवाड्यातलं दुकान, सात बाय नऊ.
रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली येतं
आणि कापायचं टेबल माझं होतं.
निळ्या खडूच्या रेघा, चिंध्या, मधे माझा चौकोन:
समोरासमोरच्या कडा जोडायच्या,
एक जोडी सुलट, एक उलट.
कागदावर होतं, डोळ्यापुढे येत नाही.

"काय करतेस?"
"कडा चिकटवतेय."
"शिवून बघ."
"हे शिवता येत नाही, बाबा."
"सगळं शिवता येतं," ते म्हणाले,
आणि थोड्या वेळाने, "बरंचसं."

त्यांच्या हातात कुणाच्या तरी लग्नाचा कोट.
कापड आणि अस्तर, सुलट्या बाजू आत,
चहूकडून शिवून बंद केलेलं गाठोडं.
फक्त बाहीच्या अस्तरात वीतभर उसवण ठेवलेली.
तिच्यातून त्यांनी हात घातला, ओढायला लागले:
कॉलर आली, खांदा आला, खिसे,
दुसरी बाही अडकली, मग सुटली,
अख्खा कोट स्वतःच्याच भोकातून
बाहेर, सुलटा, चुरगळलेला,
नुकत्या जन्मलेल्या पोरासारखा.

मी पेन खाली ठेवलं.
हे मी लहानपणापासून बघत आले होते.

"किती भोक लागतं?"
"मूठ जाईल एवढं."
"कमीत कमी किती?"
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
चाळीस वर्षांत कुणी विचारलं नसावं.
"कापडावर आहे. ट्वीड असेल तर जास्त."
"आणि कापडाला जाडीच नसेल तर?"
"मग तो कोट कसला?"
पण सुई ओवायची सोडून ते तसेच बसले,
उसवणीत दोन बोटं, मग एक.

सोमवारी सरांना विचारीन.
बाबांना उत्तर शुक्रवारच्या आत हवंय,
शुक्रवारी नवरदेव कोट न्यायला येणार आहे.